डोसचा कागद दारावर नको, हातात मागा

बडोद्यात कॅथलॅबमध्ये, म्हणजे एक्स-रेखाली हृदयाची अँजिओग्राफी होते त्या खोलीत, तंत्रज्ञ म्हणून काम करते, त्याला चौदा वर्षं होतील. अंगाला किती किरणं लागली, म्हणजे डोस किती झाला, ते मोजणारा टीएलडी बॅज आम्ही लावतो. आधीच्या नोकरीत त्याचा तिमाही रिपोर्ट आला की सगळ्यांची नावं आणि आकडे असलेला कागद चेंजिंग रूमच्या दारावर चिकटवायचे. एकदा माझ्या नावापुढे ३.४ मिलिसिव्हर्ट (डोसचं एकक) आलं, इतरांपेक्षा कितीतरी जास्त. झालं एवढंच होतं की लेड एप्रनच्या आतला बॅज एप्रनसकट कॅथलॅबमध्येच टांगून मी सुट्टीवर गेले होते. कागदावर कारण नसतं, नुसता आकडा असतो. आठवड्याभरात दांडिया बाजारातल्या मावशीनं आईला विचारलं, "पोरीला किरणं लागलीत म्हणे? स्थळ आलं तर सांगणार का?"

तेव्हापासून दोघी मैत्रिणी बॅज ड्रॉवरमध्ये ठेवून कामाला लागल्या. आकडाच नको म्हणून. मला ते आजही खुपतं.

म्हणून आधी अर्ज करा. २००४च्या किरणोत्सर्ग संरक्षण नियमांनुसार मालकानं तुमची डोस-नोंद तुम्हाला दरवर्षी, तुम्ही मागाल तेव्हा आणि नोकरी सोडताना द्यायची असते. आरएसओच्या, म्हणजे किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकाऱ्याच्या नावे दोन ओळी पुरतात: "माझ्या टीएलडी क्रमांकाची, फक्त माझी नोंद द्यावी. माझा आकडा फलकावर किंवा ग्रुपवर टाकू नये." दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. सध्याच्या आमच्या आरएसओ मॅडम एका पुठ्ठ्याला एकच ओळ दिसेल एवढी फट पाडतात, तो रिपोर्टवर ठेवतात आणि एकेकाला बोलावून सही घेतात. पुठ्ठा जुन्या एक्स-रे फिल्मच्या खोक्याचा आहे.

नव्या नोकरीत मात्र लपवू नका. पाच वर्षांत मिळून १०० आणि कुठल्याही एका वर्षात ३० मिलिसिव्हर्ट ही मर्यादा, तिचा हिशोब जुन्या नोंदीशिवाय लागत नाही. नव्या मालकानं मागितली तर जुन्या मालकाला ती द्यावीच लागते. पाकीट बंद करून पाठवा म्हणावं आणि एक प्रत घरी ठेवावी. टीएलडी क्रमांकही जुनाच सांगा, नाहीतर नोंदीचे दोन तुकडे होतात.

दिवस गेले असतील तर आरएसओला लगेच लेखी कळवा, कारण पुढे बाळासाठी १ मिलिसिव्हर्टचीच मर्यादा आहे. पाकिटावर 'गोपनीय' लिहा आणि ड्यूटी बदलण्याचं कारण रोस्टरवर येऊ नये असं अर्जातच मागा. माझ्या वेळी रोस्टरवर फक्त 'वॉर्ड' लिहिलं होतं. तीन महिने कुणी काही विचारलं नाही.