रेडमंड-बेलव्ह्यूला नवीन आलात? पहिल्याच हिवाळ्यात गरुड बघायला बाहेर पडा

दरवर्षी नोव्हेंबर लागला की अमेरिकेत सिएटलजवळच्या या गावांत नवीन आलेल्यांचे मेसेज सुरू होतात, पाऊस थांबत नाही, डिसेंबरात साडेचारच्या आत अंधार पडतो, वीकेंडला करायचं काय, आणि जो कोणी एच-फोरवर, म्हणजे नवऱ्याच्या किंवा बायकोच्या नोकरीमुळे मिळालेल्या व्हिसावर, घरी आहे त्याला तर सोमवार काय नि शनिवार काय, सगळं सारखंच. माझं उत्तर ठरलेलं असतं, गरुड बघायला जा. बाल्ड ईगल, डॉलरच्या नोटेवर असतो तोच. उन्हाळा येईपर्यंत थांबू नका, कारण इथल्या तळ्यांवर गरुड बघायचे खरे दिवस हिवाळ्याचेच, कॉटनवूडची पानं गळून गेलेली असतात त्यामुळे फांदीवर बसलेला पक्षी लांबून दिसतो, आणि उत्तरेकडून बदकं उतरलेली असतात त्यांच्यावर डोळा ठेवून गरुडही तिथेच असतात.

गाडी अजून घेतली नसेल तरी अडत नाही. लिंक या लोकल ट्रेनची टू लाइन पकडा, साउथ बेलव्ह्यू स्टेशनला उतरलात की मर्सर स्लू नेचर पार्क अगदी लागूनच आहे. २०२५ च्या मे महिन्यापासून मेरीमूर व्हिलेज स्टेशनही सुरू झालंय, तिथून मेरीमूर पार्क चालत जाण्यासारखा आहे. मेरीमूर प्रचंड मोठा, ६४० एकर, त्यामुळे क्रिकेटच्या मैदानापाशी उभं राहून गरुड दिसले नाहीत म्हणून परत येऊ नका, डॉग पार्क मागे टाकून दक्षिणेला लेक समामिश तळ्याच्या दिशेने चालत राहा. तिथे ग्रेट ब्लू हेरन म्हणजे मोठ्या बगळ्यांची वसाहत आहे, फेब्रुवारी-मार्चमध्ये झाडांवर त्यांच्या घरट्यांची गडबड सुरू होते, आणि गरुड बगळ्यांची पिल्लंसुद्धा उचलतात म्हणून तिकडे लक्ष ठेवावं.

पण मला एकच जागा सांगा म्हणालात तर मी कर्कलंडचा वानिता, सॉरी, ह्वानिता बे पार्क सांगेन (इंग्रजीत जे ने लिहितात, नकाशात शोधताना लक्षात ठेवा). लाकडी बोर्डवॉक थेट पाण्यावर जातात, आजी-आजोबा आलेले असतील तर त्यांनाही चालायला सोपं, स्ट्रोलर पण जातो. तिथे गेल्यावर आकाशात बघत बसू नका, पाण्यावर बघा. आपल्याकडच्या तळ्यांवर वारकरी पक्षी असतो ना, काळा, कपाळावर पांढरा टिळा, त्याचाच इथला भाऊ म्हणजे कूट, हिवाळ्यात यांचे थवेच्या थवे असतात. गरुड वरून आला की हे सगळे कूट एकमेकांना चिकटून घट्ट गोळा होतात आणि बदकं एकदम उडतात. तसं झालं की मान वर करा. कावळे ओरडत एखाद्या मोठ्या पक्ष्याच्या मागे लागले असतील तरी तेच. आणि काहीच हलत नसेल तर उंच झाडांचे शेंडे एकेक करून बघत जा, गरुड तासन्‌तास एका जागी बसून राहतो, गडद झाडावर पांढरा ठिपका दिसला की बायनॉक्युलर लावायचा.

ओळखायचा कसा? कोकणातल्या लोकांना ब्राह्मणी घार माहीत असते, तिचंही डोकं पांढरं, पण हा तिच्यापेक्षा कितीतरी मोठा, पंखांचा पसारा सहा-सात फूट, अंग गडद चॉकलेटी आणि शेपूटसुद्धा पांढरी. गंमत अशी की पहिली चार-पाच वर्षं याचं डोकं पांढरं नसतंच, सगळा तपकिरी, मधेमधे पांढरे डाग, त्यामुळे बरेच जण समोर गरुड बसलेला असून पुढे निघून जातात. उडताना पंख फळीसारखे सपाट धरतो, ही खूण पक्की. आवाज मात्र बारीक, चिरका, सिनेमात ऐकू येणारी ती भारदस्त किंचाळी बहुतेक वेळा रेड-टेल्ड हॉक या दुसऱ्याच पक्ष्याची असते. फोनवर पक्षी ओळखायचं मर्लिन अ‍ॅप टाकून घ्या, फुकट आहे. बायनॉक्युलर ८ बाय ४२ चा पुरे, लगेच विकत घेऊ नका, आधी लायब्ररीत विचारा, वॉशिंग्टनमधल्या बऱ्याच लायब्रऱ्या स्टेट पार्कचा डिस्कव्हर पास पुस्तकासारखा इश्यू करतात आणि काही ठिकाणी सोबत बायनॉक्युलरही मिळतो. छत्रीपेक्षा चांगलं रेन जॅकेट आणि वॉटरप्रूफ बूट घ्या, हात मोकळे पाहिजेत.

आता सगळ्यात महत्त्वाचं, विशेषतः मुलं असतील तर नीट वाचा. आपल्याला वहीत मोरपीस ठेवायची सवय, पण इथे गरुडाचं पीस जमिनीवर पडलेलं सापडलं तरी उचलून घरी न्यायचं नाही. १९४० पासून यासाठी स्वतंत्र फेडरल कायदा आहे, दंड आणि तुरुंग दोन्हीची तरतूद आहे, आणि व्हिसावर असताना असल्या भानगडी अजिबात नकोत. बगळा, कावळा, बहुतेक सगळ्याच स्थानिक पक्ष्यांच्या पिसांना दुसरा कायदा लागू होतो, म्हणून मुलांना सरळ सांगून टाका, फोटो काढायचा, पीस तिथेच ठेवायचं. घरटं दिसलं तर निदान ३३० फूट लांब राहा, ड्रोन नाही, बदकांना ब्रेड नाही. डीडीटी या कीटकनाशकामुळे अंड्यांची कवचं पातळ होऊन हा पक्षी संपत आला होता, १९७२ ला डीडीटीवर बंदी आली, २००७ मध्ये तो धोक्यातल्या पक्ष्यांच्या यादीतून बाहेर पडला, इतक्या कष्टाने परत आलाय तर लोक त्याच्याबद्दल हळवे असणारच. तिथे स्कोप, म्हणजे स्टँडवरची मोठी दुर्बीण, लावून उभे असलेले म्हातारे लोक दिसतील, लाजू नका, काय दिसतंय विचारा, बहुतेक जण स्वतःहून बाजूला होऊन तुम्हाला बघायला देतात, ऑफिसबाहेरच्या ओळखी इथे अशाच होतात.

गाडी आली की एकदा स्कॅजिट नदीला जाच. साधारण दोन तास, हायवे २० वर रॉकपोर्टच्या आसपास. चम जातीचे सामन मासे अंडी घालायला नदीत वर येतात आणि अंडी घालून मरतात, ते मासे खायला डिसेंबरच्या शेवटापासून जानेवारीभर शेकड्याने गरुड जमतात. पहाटे निघा, कारण सकाळी अकराच्या आत ते खाली नदीकाठी खात असतात, नंतर झाडांवर जाऊन बसतात. रस्त्याच्या कडेला कुठेही गाडी लावू नका, वळणाचा रस्ता आहे, माइलपोस्ट १०० च्या रेस्ट एरियात किंवा हॉवर्ड मिलर स्टीलहेड पार्कात लावा. डबा नि चहाचा थर्मास घरूनच न्या, वाटेत दुकानं फार नाहीत.