बारोलो घरी आणताय? या चुका टाळा

‘रेड वाईन रूम टेंपरेचरला प्यायची’ हे वाक्य नागपुरात कोणी आणलं, देव जाणे. ते ज्या खोल्यांसाठी आहे, त्या युरोपातल्या जुन्या दगडी घरांतल्या, जेमतेम १६ ते १८ अंशांच्या. आपल्याकडे मे महिन्यात कूलर लावूनही बैठकीची खोली तिशीच्या खाली येत नाही. बारोलो ही इटलीची रेड वाईन. ती तशी गरम असली तर आधी नाकात अल्कोहोल शिरतं. गुलाब आणि डांबर असा जो वास या वाईनचा नावाजला जातो, तो मागेच राहतो. मी बाटली फ्रिजमध्ये ठेवतो आणि अर्धा तास आधी काढतो, भर उन्हाळ्यात त्याहून उशिरा. थर्मामीटर कोण लावत बसतो! हाताला गार लागली की झालं. बर्फ टाकणाऱ्यांशी मी वाद घालणं सोडलंय.

दुसरी चूक साठवणीची, आणि ही बघून जीव जळतो. माझे साडू ट्यूरिनहून येताना एक छान बाटली घेऊन आले. मुलीच्या साखरपुड्याला उघडू म्हणून एप्रिलमध्ये स्वयंपाकघराच्या माळ्यावर ठेवली. वर तापलेला स्लॅब, खाली गॅस. म्हटलं, ‘‘भाऊ, माझ्या फ्रिजमध्ये राहू द्या.’’ तर म्हणतात, ‘‘काऊन? वाईन जितकी जुनी तितकी चांगली ना!’’ दिवाळीनंतर साखरपुडा झाला. बाटली काढली तर बूच वर सरकलेलं, गळ्यापाशी चिकट ओघळ. ग्लासात शिजवलेल्या मनुकांचा वास. जुनी कसली, उकडली होती. तरी साडूंनी ‘इटलीची आहे’ सांगत सगळ्यांना थोडी थोडी वाढली, आणि पाहुण्यांनी मान डोलावत गिळली.

जुनं होणं म्हणजे काय, हे त्या द्राक्षाकडे बघितलं तर कळतं. बारोलो फक्त नेब्बिओलो या द्राक्षाची. वायव्य इटलीत पीडमाँटमध्ये, आल्बा गावाजवळच्या लांगे टेकड्यांवरच्या ११ गावांत ती होते. या वेलीला डोळे लवकर फुटतात आणि फळ मात्र सगळ्यांच्या शेवटी, बरेचदा ऑक्टोबरच्या मध्यावर पिकतं, तेव्हा खोऱ्यांत धुकं उतरलेलं असतं. म्हणून दक्षिणेचं ऊन मिळणारे उतार तिच्यासाठी राखून ठेवतात. त्या गावांपैकी ला मोर्राकडची वाईन जरा मऊ आणि सुगंधी, तर सेरालुंगाच्या घट्ट जमिनीतली करकरीत, जास्त वाट बघायला लावणारी. नियमच आहे: काढणीच्या वर्षाच्या १ नोव्हेंबरपासून किमान ३८ महिने मुरल्याशिवाय विकायची नाही, त्यातले १८ लाकडी पिंपात. ‘रिझर्वा’ या जास्त मुरवलेल्या प्रकारासाठी ६२ महिने. एवढं थांबून आलेली बाटली आपण माळ्यावर फेकायची!

त्यामुळे नवीन बाटली लगेच फोडून ‘तुरट आहे हो’ म्हणू नका. तुरटपणा आणणारं टॅनिन तिच्यात भरपूर असतं. कच्चं जांभूळ खाल्ल्यासारखी जीभ आखडते. काही वर्षं गार, अंधाऱ्या जागी आडवी ठेवा. तशी जागा नसेल तर विकतच घेऊ नका, किंवा आणली त्या हिवाळ्यात संपवा.

रंग फिका दिसला म्हणजे पाणी घातलेलं नसतं. नेब्बिओलो फिकीच असते, वयाबरोबर कडेला विटकरी होते.

सावजी मटणाबरोबर तर अजिबात नको. तिखटाने अल्कोहोल आणखी जाळतं, तुरटपणा दुप्पट वाटतो. दोन्हींचा अपमान. मंद आचेवर शिजवलेलं, कमी मसाल्याचं मटण करा.

आणि हो, ‘नेब्बिओलोची कलमं मागवून काटोलच्या शेतात लावू का?’ असं मला दरवर्षी कोणीतरी विचारतं. नाशिकचा दाखला देऊ नका. ते ६०० मीटरच्या आसपास उंचावर आहे, हिवाळ्याच्या रात्री गार असतात. वेलीला झोप मिळत नाही म्हणून वर्षातून दोनदा छाटणी करून जानेवारी ते मार्चमध्ये द्राक्षं काढतात, आणि रेड वाईनसाठी लावतात मुख्यतः शिराझ, कॅबर्ने या जाती. नेब्बिओलो तर स्वतःच्या मुलखातही उतार निवडून वाढते. ४५ अंशांत आणि पाणी धरून ठेवणाऱ्या काळ्या जमिनीत ती काय करणार? संत्रा लावा.

जुन्या बाटलीत तळाला गाळ असतो. आदल्या दिवशी उभी करून ठेवा, सावकाश ओता, आणि शेवटचे दोन घोट बाटलीतच राहू द्या.