क्लाउड सर्व्हरची स्वयंचलित तपासणी: हिरव्या निकालामागच्या या चुका टाळा

पाइपलाइन (बदल आपोआप तपासून पुढे पाठवणारी साखळी) लाल, म्हणजे नापास, झाली की कुणीतरी लॉग उघडून बघतंच. त्यामुळे जास्त जपायला हवं ते काहीही न तपासता हिरव्या झालेल्या पाइपलाइनला. अँसिबल, पपेट (सर्व्हरची मांडणी आपोआप करणारी साधनं) किंवा शेफ इन्स्पेक (सर्व्हर तपासणारं साधन) वापरून सर्व्हरच्या तपासण्या लावताना होणाऱ्या बहुतेक चुका शेवटी इथेच येऊन पोहोचतात.

तपासायला सर्व्हरच नाही

क्लाउडवर सर्व्हर सतत येतात-जातात, म्हणून इन्व्हेंटरी, म्हणजे सर्व्हरची यादी, डायनॅमिक (आपोआप बदलणारी) ठेवली जाते आणि सर्व्हर टॅगवरून निवडले जातात. टॅगमधलं एक अक्षर चुकलं किंवा रीजन दुसराच लिहिला गेला, तर गटात एकही सर्व्हर उरत नाही. अशा वेळी अँसिबल ‘नो होस्ट्स मॅच्ड’ एवढं सांगून तो प्ले (एका गटावर चालणारा टास्कचा संच) सोडून देतं, पण एक्झिट कोड (कमांड संपताना देते तो निकालाचा आकडा) मात्र ०, म्हणजे यश, येतो. पाइपलाइन तेवढंच बघते आणि पुढे जाते.

यासाठी प्लेबुकच्या (प्ले लिहिलेल्या फाइलच्या) सुरुवातीला लोकलहोस्टवर (अँसिबल चालतं त्याच मशीनवर) चालणारा छोटा प्ले ठेवा. गटातली सर्व्हरसंख्या ठरलेल्या किमान आकड्याखाली असेल तर अट तपासणाऱ्या असर्ट मॉड्यूलने तिथेच काम थांबवा. इन्व्हेंटरीची कॅशे चालू असेल तर तपासणीआधी ती रिकामी करा, नाहीतर नुकताच उभा केलेला सर्व्हर यादीत येतच नाही आणि तो सुटला हे कळतही नाही.

वेळेआधीच तपासणं

नव्या सर्व्हरवर एसएसएच (दुरून लॉगिन करण्याची सोय) सुरू झालं म्हणजे सर्व्हर तयार झाला, असं नाही. सर्व्हरची पहिली मांडणी करणाऱ्या क्लाउड-इनिटचं काम मागे चालूच असतं: पॅकेजं बसत असतात, युजर तयार होत असतात, एपीटीचं (पॅकेजं बसवणाऱ्या साधनाचं) लॉक अडकलेलं असतं. म्हणून आज पास, उद्या नापास असे चंचल निकाल येतात आणि मग टीम ‘पुन्हा चालवून बघा’च्या सवयीला लागते. ही सवय फार महागात पडते, कारण खरा बिघाडसुद्धा तिच्याखाली झाकला जातो. क्लाउड-इनिटच्या स्टेटस कमांडला वेट हा पर्याय आहे. तो वापरा आणि काम संपल्यावरच पहिली तपासणी चालवा.

अँसिबलच्या हँडलरचा (बदल झाला तरच धावणाऱ्या टास्कचा) घोळ याहून कमी दिसतो. टेम्प्लेट (कॉन्फिग फाइलचा साचा) बदलला की रीस्टार्टचा हँडलर नोंदवला जातो, पण तो धावतो सगळे टास्क संपल्यानंतर. मधल्या टास्कमध्येच तपासणी ठेवली तर ती जुन्याच कॉन्फिगवर चाललेल्या प्रोसेसला पास करते. तपासणीआधी मेटा टास्कने हँडलर फ्लश करा. त्यानंतरही सिस्टिमडीने (लिनक्सवर सेवा चालवणाऱ्या प्रणालीने) सेवा ‘अ‍ॅक्टिव्ह’ दाखवली म्हणून थांबू नका. वेट-फॉर मॉड्यूलने पोर्ट उघडं आहे का ते बघा आणि यूआरआय मॉड्यूलने प्रत्यक्ष २०० (यशस्वी) हे उत्तर येतं का ते तपासा. वेट-फॉरची डीफॉल्ट मुदत ३०० सेकंद असते, ती आपल्या सेवेला साजेल इतकी कमी करा.

आणि ही तपासणी कुठून चालते? सर्व्हरवरूनच लोकलहोस्टला विनंती केली तर ती सिक्युरिटी ग्रुपमधून (क्लाउडच्या फायरवॉलमधून) जातच नाही. सेवा बाहेरच्यांसाठी असेल तर निदान एक तपासणी बाहेरून चालवायलाच हवी.

चेक मोडवर विसंबणं

अँसिबलचा चेक मोड ‘काय बदलेल’ याचा अंदाज देतो. सर्व्हर ठीक आहे की नाही, हे सांगणं त्याचं काम नाही. शिवाय कमांड आणि शेल मॉड्यूलचे टास्क त्यात सहसा वगळले जातात, त्यामुळे त्यांच्या आउटपुटवर अवलंबून असलेल्या पुढच्या अटी कोसळतात किंवा गुपचूप सुटतात. फक्त माहिती वाचणाऱ्या टास्कना चेक मोड फॉल्स (चेक मोडमध्येही खरोखर चालवा) आणि चेंज्ड-व्हेन फॉल्स (बदल झाला असं नोंदवू नका) द्या. शेलमध्ये पाइप (एका कमांडचं आउटपुट पुढच्या कमांडला देणं) वापरला असेल तर शेवटच्या कमांडचा निकालच धरला जातो, आधीची फसलेली कमांड लपते. तिथे बॅश नेमून पाइपफेल चालू करा.

चूक आली तरी पुढे जाऊ देणारं इग्नोअर-एरर्स तपासणीच्या टास्कमध्ये नकोच.

एकाच व्हेरिएबलवर दोन्हीकडे भिस्त

कॉन्फिगमधलं पोर्ट ज्या व्हेरिएबलमधून येतं, तेच तपासणीतही वापरलं तर चुकीचा आकडा दोन्हीकडे सारखाच जातो आणि निकाल हिरवा येतो. बाहेरच्या जगाशी ठरलेल्या गोष्टी, म्हणजे पोर्ट, डोमेन, फाइलच्या परवानग्या, तपासणीत स्वतंत्रपणे लिहा. ही पुनरुक्ती मला मान्य आहे, नव्हे, ती हवीच. नवी तपासणी जोडण्याआधी चाचणीच्या सर्व्हरवर सेवा मुद्दाम बंद करा, परवानगी बिघडवा, आणि निकाल लाल होतो का ते बघा. झाला नाही, तर ती तपासणी अजून लिहून झालेली नाही.

एक्झिट कोड वाचताना

पपेट एजंट टेस्ट पर्यायासह चालवला तर २ म्हणजे बदल झाले आणि सगळं ठीक, ४ म्हणजे काही रिसोर्स (पपेट सांभाळतं त्या फाइल, सेवा वगैरे) फसले, ६ म्हणजे दोन्ही. पाइपलाइन शून्याशिवाय सगळ्याला अपयश मानते, म्हणून काहीजण एक्झिट कोडच दाबून टाकतात आणि ४ सुद्धा हरवतो. इन्स्पेकमध्ये १०० म्हणजे नापास, तर १०१ म्हणजे नापास काही नाही, पण काही तपासण्या वगळल्या गेल्या. १०१ ला सरसकट यश धरू नका. कोणत्या तपासण्या सुटल्या आणि का, ते रिपोर्टमध्ये बघा. अनेकदा ओन्ली-इफची अट नव्या ऑपरेटिंग सिस्टिमवर लागू होत नसल्यामुळे आख्खा कंट्रोल (तपासण्यांचा गट) वगळलेला असतो.