‘उघड आहे’ या आक्षेपाला उत्तर देताना: एन्क्लोजरच्या पेटंट कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

यंत्र अभियांत्रिकीची पदवी घेऊन पेटंटच्या कामात उतरलेल्या मुलामुलींच्या वाट्याला सुरुवातीला बहुधा एन्क्लोजरच, म्हणजे उपकरणांच्या पेट्याच, येतात. राउटरचे कवच, खांबावर टांगायची कंट्रोलरची पेटी, शेतात उभ्या राहणाऱ्या सेन्सरचे जलरोधक घर, या सगळ्याच्या आकृत्या पाहताक्षणी कळतात, म्हणून हे काम सोपे असा समज आपल्या कार्यालयांत रूढ आहे. तो मनातून काढून टाका. पेटीतला प्रत्येक भाग जुना असतो: स्क्रू जुना, गॅस्केट (सांधा बंद करणारी पट्टी) जुने, फिन (उष्णता सोडणाऱ्या पात्या) जुन्या, बॉस (स्क्रूसाठीचे उंचवटे) आणि रिब (आधाराच्या पट्ट्या) तर त्याहून जुने. नवे काही असलेच तर ते या भागांच्या परस्परसंबंधात असते, आणि संबंध आकृतीत सहसा दिसत नाही. त्यामुळे ‘डी-१ आणि डी-२ एकत्र वाचता हा शोध त्या क्षेत्रातील जाणकार व्यक्तीला उघड आहे’ हे वाक्य (डी-१, डी-२ म्हणजे परीक्षकांनी पुढे केलेले जुने दस्तऐवज) पेट्यांच्या एफईआरमध्ये, म्हणजे पेटंट कार्यालयाच्या पहिल्या परीक्षण अहवालात, इतक्या नेमाने येते की ते आले म्हणून खचून जाण्याचे कारण नाही. काळजी करायची ती आपण त्याला काय उत्तर देतो याची.

एफईआर आणि क्लेम (अर्जात नेमके कशावर हक्क मागितला आहे ते सांगणारे वाक्य) कसे वाचायचे हे तुम्हाला ठाऊक आहे असे धरते. पेटंट अधिनियम १९७० मधील कलम २(१)(जेए) इन्व्हेंटिव्ह स्टेपची व्याख्या देते: पूर्वज्ञानाच्या तुलनेत तांत्रिक प्रगती, किंवा आर्थिक महत्त्व, किंवा दोन्ही, आणि त्यासोबत जाणकार व्यक्तीला तो शोध उघड नसणे. नवशिके ‘आर्थिक महत्त्व’ या शब्दांना बिलगतात आणि पेटी किती स्वस्तात बनते यावर दोन पाने लिहितात. ती दोन पाने वाया जातात, कारण शेवटची अट कशानेही सुटत नाही. कलम ३(एफ) म्हणते की आपापले ठरलेले काम स्वतंत्रपणे करणाऱ्या ज्ञात साधनांची नुसती मांडणी, फेरमांडणी किंवा पुनरावृत्ती हा शोधच नव्हे. पेट्यांना हे कलम फार लागते. बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्थान मेटल इंडस्ट्रीज या भांडी धरण्याच्या साधनाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली सांगून ठेवले आहे की ज्ञात गोष्टीतील सुधारणा ही कारखान्यातल्या रोजच्या सुधारणेहून काहीतरी अधिक असली पाहिजे. तुमच्या समोरची पेटी या ओळीच्या अलीकडे आहे की पलीकडे, हाच सगळा वाद असतो.

पुण्यातल्या पुष्कळ कार्यालयांत अमेरिकी अर्जांचेही काम चालते, म्हणून तिकडचेही थोडे सांगते. तिथे उघडपणाविषयीचे कलम १०३, १९६६ चा ग्रॅहम खटला आणि २००७ चा केएसआर खटला हे पायाभूत आहेत. केएसआर हा मोटारीच्या पुढे-मागे सरकवता येणाऱ्या पेडलवर इलेक्ट्रॉनिक सेन्सर बसवण्याचा खटला असल्याने तो यंत्र अभियंत्याला वाचायला जड जात नाही. परीक्षकांच्या मार्गदर्शिकेत तर एक विभागच असा आहे की ज्यात आकार बदलणे, भाग एकसंध करणे, सुटे करणे, संख्या वाढवणे, जागा बदलणे हे सारे जुन्या निकालांच्या आधारे सामान्यतः उघड मानले आहे. लिपस्टिकचे टोपण काढता-घालता येण्याजोगे करणे उघड ठरवणारा १९६१ चा डलबर्ग निकाल त्यातलाच. एन्क्लोजरवर काम करणाऱ्याने तो विभाग पहिल्या आठवड्यात वाचावा, कारण आक्षेपांची बहुतेक वाक्ये तिथूनच उचललेली असतात.

आता मुख्य धोका. आक्षेप विचारतो ‘कारण’, आणि अभियंता उत्तर देतो ‘फरक’. मीही यात बराच काळ अडकलेली होते, आणि आज नव्याने आलेल्यांचे मसुदे वाचताना तेच पुन्हा दिसते, म्हणून इथे सविस्तर थांबते. पक्षकाराचे खरे काम सांगता येत नाही, तेव्हा पुढचे उदाहरण रचलेले आहे. घटना मात्र नेहमीच्या आहेत.

उघड्यावर बसवायची ॲल्युमिनियमची डायकास्ट (साच्यात दाबाने ओतलेली) पेटी घ्या. झाकणाच्या कडेला खाचेत गॅस्केट आहे आणि आतला प्रोसेसर आपली उष्णता झाकणाला देतो, कारण झाकणाच्या आतून उतरलेला एक ठोकळा थर्मल पॅडमधून (उष्णता वाहणाऱ्या मऊ थरातून) प्रोसेसरवर टेकतो. इथे गॅस्केट आणि पॅड या दोघांनाही दाब हवा असतो आणि झाकण मात्र एकच आहे. बोर्डाची उंची, चिपची उंची आणि कास्टिंगची टॉलरन्स (मापातली चालणारी तफावत) यांची बेरीज एका दिशेने गेली की ठोकळा आधी टेकतो, झाकण पूर्ण बसत नाही आणि पेटी गळते. दुसऱ्या दिशेने गेली की झाकण बसते, पण पॅड दाबलाच जात नाही आणि प्रोसेसर तापतो. नेहमीचा उपाय म्हणजे जाड आणि मऊ पॅड, मात्र जाडीबरोबर उष्णतेला होणारा विरोधही वाढतो. आपल्या शोधकाने ठोकळा झाकणापासून वेगळा केला, झाकणाच्या आतल्या बाजूला एक खोल कप ओतला, त्यात स्प्रिंगवर सरकणारा ठोकळा ठेवला, आणि ठोकळ्याच्या बाजू कपाच्या भिंतीला ग्रीसमधून इतक्या लांबीवर भिडवल्या की उष्णता भिंतीतून झाकणात जाते. आता चिपची उंची काहीही असो, झाकण गॅस्केटवर पूर्ण बसते.

एफईआरमध्ये डी-१ ही स्थिर ठोकळ्याची सीलबंद पेटी आहे आणि डी-२ हा टेबलावरच्या संगणकातील स्प्रिंगच्या स्क्रूंनी बसवलेला हीटसिंक (चिपची उष्णता हवेत सोडणारा धातूचा भाग) आहे. परीक्षक म्हणतात की चिपवर एकसारखा दाब राहावा म्हणून डी-२ ची स्प्रिंग डी-१ मध्ये घालणे उघड आहे. नवशिक्याचे उत्तर असे येते: डी-१ मध्ये स्प्रिंग नाही, डी-२ मध्ये सीलबंद पेटी नाही, आणि दोन्हींत कप नाही. तिन्ही विधाने खरी आहेत आणि उत्तर म्हणून तिन्ही निरुपयोगी आहेत. पहिली दोन विधाने एकेका दस्तऐवजाला स्वतंत्र खोडतात, आणि परीक्षकांनी तर दोन्ही एकत्र वाचले आहेत. एकेकट्याने पाहता फरक असणे हा नावीन्याचा मुद्दा आहे, उघडपणाचा नव्हे. तिसरे विधान अधिक घातक आहे, कारण आपल्या पहिल्या क्लेममध्ये लिहिले आहे केवळ ‘घटक आणि झाकण यांच्यामध्ये स्प्रिंगने ढकललेला उष्णतावाहक भाग’. कप आकृती ४ मध्ये आहे, वर्णनात आहे, तुमच्या डोळ्यांसमोर आहे, क्लेममध्ये नाही. जे क्लेममध्ये नाही त्याच्या बळावर भांडता येत नाही. म्हणून उत्तर लिहिण्याआधी आकृत्या बाजूला ठेवा, क्लेम मोठ्याने वाचा, आणि त्या शब्दांत बसणारी सर्वांत साधी पेटी कागदावर काढा. पुष्कळदा ती पेटी डी-१ आणि डी-२ यांच्या बेरजेसारखीच निघते. तसे झाले तर परीक्षक बरोबर आहेत, आणि हे पक्षकाराला स्पष्ट सांगण्याचे धैर्य अंगी बाणवा.

मग कप, भिंतीवरचा स्पर्श आणि झाकण ठोकळ्याच्या स्थितीवर अवलंबून न राहता गॅस्केटवर बसणे, ही तिन्ही वैशिष्ट्ये क्लेममध्ये आणा, आणि त्यानंतर कारणाकडे वळा. डी-२ ची स्प्रिंग डी-१ मध्ये घातली तर प्रत्यक्षात काय होईल? ठोकळा आणि झाकण यांच्यात फट पडेल आणि उष्णतेची वाट तुटेल, कारण स्प्रिंगमधून नगण्य उष्णता जाते. डी-२ ला ही अडचण नाही. त्याचा हीटसिंक आपल्याच फिनमधून पंख्याच्या हवेला उष्णता देतो, त्याला झाकणापर्यंत पोहोचायचेच नाही. म्हणजे डी-१ ची पेटी ज्यासाठी बनली आहे, बंद राहून झाकणातून थंड होणे, तेच या जोडणीने बिघडते. जाणकार व्यक्ती जाड पॅडकडे जाईल. स्प्रिंगकडे जाण्याचे कारण तिला या दोन दस्तऐवजांत सापडत नाही. अमेरिकेत या युक्तिवादामागे रक्ताचा फिल्टर उलटा करण्याविषयीचा १९८४ चा गॉर्डन निकाल उभा करता येतो. आणि कप, स्प्रिंग व गॅस्केट यांचे काम एकमेकांत गुंतलेले आहे हे दाखवले की कलम ३(एफ) मधील ‘स्वतंत्रपणे काम करणाऱ्या’ या शब्दांनाही त्यातच उत्तर मिळते.

इथवर आल्यावर हुरळून जाऊन ‘असा सरकता ठोकळा पूर्वी कुठेही ज्ञात नव्हता’ असे एक वाक्य ठोकून देण्याचा मोह होतो. ते लिहू नका. आयबीएमने १९८० साली जाहीर केलेल्या ३०८१ या संगणकात प्रत्येक चिपवर स्प्रिंगने दाबलेला धातूचा पिस्टन टेकत असे, तो भोवतालच्या धातूच्या भोकात सरकत असे, आणि मधल्या फटींत उष्णता वाहावी म्हणून हीलियम भरलेला असे. परीक्षकांनी दुसऱ्या फेरीत हेच पुढे केले तर तुमचे वाक्य तर पडेलच, त्यासोबत तुमच्या बाकीच्या लिखाणावरचा विश्वासही जाईल. ‘उद्धृत दस्तऐवजांत आढळत नाही’ एवढेच म्हणावे. आणि पिस्टन पुढे आलाच, तर आपल्या हातात उरते ते झाकण, गॅस्केट आणि ठोकळा यांचे नाते. त्यावर उभे राहता येते की नाही हे प्रामाणिकपणे तपासावे लागते.

शॉर्टकटविषयी माझे मत कठोर आहे. सॉफ्टवेअरने काढून दिलेला तुलनातक्ता आधी पाहू नका. तो तुमच्या मनाला फरक मोजायचीच सवय लावतो. जुन्या फायलींतून उचललेला ‘हा आक्षेप पश्चातबुद्धीने केलेला आहे’ असा आयता परिच्छेद तर मला अजिबात मान्य नाही. पश्चातबुद्धीचा आरोप तेव्हाच टिकतो, जेव्हा अहवालातले नेमके कोणते पाऊल केवळ आपला अर्ज वाचूनच सुचू शकते हे बोट ठेवून दाखवता येते. मात्र अहवालात कारणच दिलेले नसेल, तर गप्पही बसू नका. ॲग्रिबोर्ड प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने २०२२ साली स्पष्ट केले आहे की पूर्वज्ञात तंत्रात काय आहे, अर्जातला शोध काय आहे आणि जाणकाराला तो कसा उघड ठरतो, या तिन्हींचा विचार कंट्रोलरने, म्हणजे अर्जावर निर्णय देणाऱ्या पेटंट अधिकाऱ्याने, मांडलाच पाहिजे; नुसता निष्कर्ष चालत नाही.

ज्यांना आपली पेटी फारच साधी वाटते आहे, त्यांनी त्याच वर्षीचा एव्हरी डेनिसनचा निकाल जरूर वाचावा. खाचा असलेल्या फास्टनरचा तो शोध होता, म्हणजे आपल्याच जातकुळीतला. न्यायालयाने तिथे साधेपणा हा दोष मानला नाही, आणि जुने तंत्र उपलब्ध असूनही मधल्या काळात तो बदल कोणी केला नव्हता, या गोष्टीला वजन दिले. छोटा बदल मोठ्या न्यायालयातही टिकू शकतो. माझ्या टेबलावर निराश चेहऱ्याने येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी तो निकाल वाचायला देते.

वरिष्ठ निवडणे आपल्या हातात नसते, तरी कोणाकडून शिकायचे ते ठरवता येते. तुमचा मसुदा रात्री स्वतःच बदलून सकाळी पाठवून देणारे वरिष्ठ दयाळू वाटतात, पण त्यांच्या हाताखाली माणूस वाढत नाही. मला ज्यांनी शिकवले ते परीक्षकांचा अहवाल आधी दाखवतच नसत. डी-१ हातात देऊन ‘हे कशासाठी केले आहे ते एका ओळीत लिहून आण’ एवढेच सांगत, आणि त्या ओळीत भागांची नावे आली की कागद परत करत. त्या सवयीने मला जे दिले ते कोणत्याही प्रमाणपत्र अभ्यासक्रमाने दिले नाही. दुसरी सवय कारखान्यात जाण्याची. भोसरी-चाकणच्या डायकास्टिंग आणि शीटमेटलच्या शॉपमध्ये अर्धा दिवस उभे राहिल्यावर जाणकार व्यक्तीला काय सहज सुचते आणि काय सुचत नाही हे कळू लागते. तिथे बाजारातल्या जुन्या पेट्यांविषयीच बोला. पक्षकाराच्या शोधाचा एक शब्दही तोंडातून निघता कामा नये.

पेटंट एजंटची परीक्षा द्यावीच, पण तिच्या मागे लागून उत्तरे लिहिण्याचा सराव थांबवू नये. दुसरा पेपर मसुद्याचाच असतो आणि रोजचे काम हीच त्याची तयारी आहे. पेटीचे बाह्यरूप जपायचे असेल तर तो डिझाइन अधिनियम २००० चा विषय आहे, संरक्षण दहा वर्षे अधिक पाच. पक्षकार हे दोन मार्ग नेहमी एकत्र करतात, तेव्हा पहिल्याच भेटीत वेगळे करून सांगा.

मुदतींबाबत हयगय नको. भारतात एफईआरला उत्तर देण्यास सहा महिने आहेत आणि शुल्क भरून तीन महिने वाढवून मिळतात. अमेरिकेत सहसा तीन महिने आणि शुल्कासह कमाल सहा. कलम ५९ मुळे दुरुस्ती मूळ वर्णनाबाहेर जाऊ शकत नाही आणि आधीच्या क्लेमच्या कक्षेबाहेरही जाऊ शकत नाही, म्हणून कपाची खोली आणि भिंतीवरच्या स्पर्शाची लांबी मसुदा लिहितानाच वर्णनात असली पाहिजे. ती नसेल तर वरचा सगळा युक्तिवाद लटका पडतो. सुनावणीला जाताना सुधारित क्लेमचा एक पर्यायी संच हाताशी ठेवा, कारण कंट्रोलर पहिला प्रश्न बहुधा हाच विचारतात की तुम्ही सांगता ते वैशिष्ट्य कोणत्या क्लेममध्ये कोणत्या ओळीत आहे. त्यानंतर लेखी म्हणणे पंधरा दिवसांत द्यायचे असते. सुनावणीत तोंडी मांडलेला प्रत्येक मुद्दा त्यात यायला हवा, कारण अर्ज नाकारला गेला आणि कलम ११७-ए खाली तीन महिन्यांत उच्च न्यायालयात जावे लागले, तर तिथे वाचला जातो तो हाच कागद.