रील्स आणि व्हॉट्सॲपवर जाणारा वेळ कमी कसा करायचा

‘उद्यापासून इन्स्टाग्राम बंद’ हा निश्चय बहुतेकांचा चार दिवसांत मोडतो. एक रील पाहून झाली की बोट सरकवताच पुढची तयार असते, त्यामुळे थांबायची जागाच उरत नाही. ती आपल्यालाच फोनमध्ये करून घ्यावी लागते.

पहिला आठवडा फक्त मोजा. अँड्रॉइडवर सेटिंग्जमध्ये ‘डिजिटल वेलबीइंग’ आणि आयफोनवर ‘स्क्रीन टाइम’ उघडा. दोन आकडे लिहून ठेवा: कोणत्या ॲपवर किती वेळ गेला आणि दिवसात फोन किती वेळा उघडला. एका बैठकीत तासभर जात असेल, तर अडचण रील्स-शॉर्ट्सची आहे. दिवसात शंभरदा फोन उघडून दोन-दोन मिनिटं जात असतील, तर ती नोटिफिकेशनची. उपाय वेगवेगळे आहेत, आणि चुकीचा निवडला तर आकडा हलत नाही.

नोटिफिकेशनचं सोपं आहे. फोन, माणसांनी पाठवलेले मेसेज आणि बँकेचे एसएमएस सोडून बाकी सगळ्या बंद करा. व्हॉट्सॲपवर सोसायटीचा, नातेवाइकांचा, जुन्या वर्गमित्रांचा ग्रुप ‘ऑलवेज’ म्यूट करून आर्काइव्हमध्ये टाका. सेटिंग्जच्या ‘चॅट्स’मध्ये ‘कीप चॅट्स आर्काइव्ह्ड’ चालू ठेवा, नाहीतर नवा मेसेज आला की ग्रुप पुन्हा वर येतो. ग्रुप सोडला तर रुसवे-फुगवे होतात, आर्काइव्ह केल्याचं मात्र कुणाला कळत नाही. तुम्हाला नावानं टॅग केलं तर म्यूट ग्रुपमधूनही सूचना येते, त्यामुळे काम अडत नाही.

रील्ससाठी मात्र कडक व्हावं लागतं. इन्स्टाग्रामचं ॲप फोनमधून काढा आणि ब्राउझरमधून वापरा. खातं आणि मेसेज जागेवरच राहतात. पासवर्ड सेव्ह करू नका, वापर झाला की लॉगआउट करा. दर वेळी पासवर्ड टाकायचा कंटाळाच इथे कामाला येतो. यूट्यूबवर ‘वॉच हिस्टरी’ पुसून बंद केली की होम पानावरच्या शिफारशी जवळपास नाहीशा होतात. सर्च आणि सबस्क्रिप्शन मात्र चालू राहतात, म्हणजे पाककृती किंवा अभ्यासाचं लेक्चर शोधून पाहता येतं.

ॲप टायमरवर एकट्यावर विसंबू नका. अँड्रॉइडवर मर्यादा संपली की ॲप बंद होतं, पण सेटिंग्जमध्ये जाऊन तीच मर्यादा लगेच काढता येते. आयफोनवर ‘ब्लॉक ॲट एंड ऑफ लिमिट’ चालू करा आणि स्क्रीन टाइमचा पासकोड घरातल्या दुसऱ्या कुणालातरी ठेवायला सांगा. आणखी एक चूक सर्रास होते: तीन तासांवरून थेट अर्ध्या तासावर उडी. दुसऱ्याच दिवशी मर्यादा ओलांडली जाते आणि मग ती ओलांडायचीच सवय लागते. दर आठवड्याला पाव भाग कमी करा: तीन तासांवरून सव्वादोन, मग पावणेदोनच्या आत.

रात्री चार्जर हॉलमध्ये ठेवा. गजरासाठी फोन उशाशी लागतो ही अडचण टेबलावरच्या साध्या घड्याळानं सुटते.

दर रविवारी एकूण स्क्रीन टाइम पाहा. इन्स्टाग्राम कमी झालं आणि बातम्या, गेम किंवा खरेदीची ॲप तितकीच वाढली, तर वेळ फक्त सरकला आहे. मोकळ्या झालेल्या वेळेत काय करायचं ते आधीच ठरवा: जेवणानंतरची फेरी, पेटी-तबल्याचा रियाज, आईला फोन.

घरात मुलं असतील तर नियम सगळ्यांना एकच हवा. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावात २०२२ मध्ये संध्याकाळी ७ वाजता भोंगा वाजवून दीड तास टीव्ही-मोबाइल बंद ठेवायची पद्धत सुरू झाली. वेळ ठरलेली आणि मोठी माणसंही त्यात, म्हणून हा प्रयोग घरीही करण्याजोगा आहे. मुलाला अभ्यासाला बसवून शेजारी स्टेटस बघत बसलात, तर तो नियम आठवडाभरही टिकणार नाही.

डबे, साड्या किंवा दागिन्यांचा व्यवसाय इन्स्टाग्रामवर असेल, तर ‘मेटा बिझनेस सूट’ या इन्स्टाग्रामच्याच कंपनीच्या ॲपमधून पोस्ट आधीच शेड्यूल करा आणि ग्राहकांना तिथूनच उत्तरं द्या, म्हणजे फीड उघडायची वेळच येत नाही.