न्यूड माउसच्या गाठीवर आयएचसी : माझे चार महिने कुठे गेले

आयएचसी म्हणजे अँटीबॉडी वापरून ऊतीतलं एखादं प्रथिन रंगवून दाखवणं. सेक्शन (ऊतीचा पातळ काप), रिट्रीव्हल (अँटीबॉडीसाठी प्रथिन पुन्हा उघडं करणं), डॅब (तपकिरी रंग देणारं रसायन) हे सगळं तुम्हाला येतं असं धरून लिहितेय. ज्यांच्या स्लाइडवर गाठीपेक्षा आजूबाजूचंच जास्त तपकिरी होतं, त्यांच्यासाठी हे आहे.

मी नाशिकला, उंदीर दुसऱ्या शहरात. मानवी स्तनकर्करोगाच्या पेशी न्यूड माउसमध्ये (कमी प्रतिकारशक्तीचा, बिनकेसांचा उंदीर) तिकडे वाढायच्या आणि पॅराफिन ब्लॉक मी स्टीलच्या डब्यातून एसटीने आणायचे. लावायचं होतं केआय-67 (विभागणाऱ्या पेशींच्या केंद्रकातलं प्रथिन), अँटीबॉडी क्लोन एमआयबी-1. पहिल्याच स्लाइडवर केंद्रकं छान उठली, पण पेशींच्या पुंजक्यांमधली स्ट्रोमाची (आधार देणाऱ्या ऊतीची) पट्टी, रक्तवाहिन्यांची पोकळी, नेक्रोसिसची (मेलेल्या पेशींची) कड, सगळीकडे कोरा चहा सांडल्यासारखा रंग.

मग सुरू झाला खटाटोप. पेरॉक्साइड नवं आणलं. गोट सीरम 5 टक्क्यांचं 10 टक्के केलं. प्रायमरी, म्हणजे प्रथिनाला चिकटणारी पहिली अँटीबॉडी, 1:100 वरून 1:800 इतकी पातळ केली. केंद्रकं फिकी पडत गेली, स्ट्रोमा जिथल्या तिथे. उत्तर इथेच समोर होतं, पण मला दिसलं नाही. सर म्हणाले, ‘डॅब लवकर धू.’ या सल्ल्याचा मला आजही राग आहे. डॅब लवकर धुतल्याने खरा रंग आणि खोटा रंग दोन्ही सारखेच कमी होतात. फोटो बरा येतो, एवढंच.

शेवटी सोडवलं ते हॉस्पिटलच्या पॅथॉलॉजीतून निवृत्त होऊन आमच्याकडे आलेल्या मामांनी. त्यांनी स्लाइड खिडकीकडे धरली आणि विचारलं, “ताई, प्रायमरी न घालता एक लावून बघितली का?” नव्हती बघितली. दुसऱ्या दिवशी लावली. स्ट्रोमा तेवढाच तपकिरी! म्हणजे चार महिने मी ज्या अँटीबॉडीला बोल लावत होते, ती त्या स्लाइडवर नव्हतीच.

आता हे नीट, सावकाश वाचा. एमआयबी-1 ही उंदरात बनलेली मोनोक्लोनल. तिला शोधायला आपण अँटी-माउस सेकंडरी घालतो, म्हणजे उंदराच्या अँटीबॉडीला चिकटून रंग आणणारी दुसरी अँटीबॉडी. हॉस्पिटलमध्ये ऊती माणसाची असते, त्यामुळे स्लाइडवर उंदराची आयजीजी (रक्तातली नेहमीची अँटीबॉडी) फक्त आपण घातलेली. आपल्या गाठीत मात्र कर्करोगाच्या पेशी तेवढ्या माणसाच्या. रक्तवाहिन्या, स्ट्रोमा, रक्त सगळं उंदराचं. त्यात त्याची स्वतःची आयजीजी मुरलेली असते. कॉलेज रोडवर ‘भगव्या कपड्यातला माणूस शोध’ म्हटलं तर सापडेल. सिंहस्थाच्या पर्वणीला रामकुंडावर तेच सांगून बघा. सेकंडरी चुकत नसते, सांगितलेलं कामच करत असते. म्हणून गोट सीरम कितीही ओता, फरक पडत नाही. ते इकडेतिकडे चिकटणं थांबवतं, नेमकं ओळखून बसणं नाही.

माझा खरा घोळ त्याच्याही आधीचा होता. न्यूड म्हणजे प्रतिकारशक्ती नाही, म्हणजे अँटीबॉडी नाही, असं मी गृहीत धरलं होतं. न्यूड माउसला थायमस नसतं, टी पेशींची बोंब असते; पण अँटीबॉडी बनवणाऱ्या बी पेशी असतात आणि आयजीजीही असते. एनएसजी या आणखी कमी प्रतिकारशक्तीच्या उंदरात बी पेशीही नसतात, म्हणून तिथे हा त्रास सहसा होत नाही. तेव्हा उंदराची जात विचारल्याशिवाय दुसऱ्याचा प्रोटोकॉल झेरॉक्स करू नका. माझा प्रोटोकॉल हॉस्पिटलचाच होता आणि तिथे तो उत्तम चालतो.

घाबरू नका, ब्लॉक वाया गेलेले नसतात. सरळ उपाय म्हणजे सशाची प्रायमरी आणि तिच्याबरोबर उंदराच्या आयजीजीला न धरणारी अँटी-रॅबिट सेकंडरी. उंदराचीच प्रायमरी वापरणं भाग असेल, तर आधी लेबल नसलेले अँटी-माउस फॅब (अँटीबॉडीचे छोटे) तुकडे घालून ऊतीतली आयजीजी झाका, किंवा माउस-ऑन-माउस किट (उंदराच्या ऊतीवर उंदराची अँटीबॉडी वापरण्यासाठीचं) घ्या. किट महाग वाटेल. वाया गेलेल्या प्रायमरीचा हिशेब करा, मग वाटणार नाही.

मी एसपी6 या सशाच्या केआय-67 अँटीबॉडीवर गेले. पार्श्वभूमी स्वच्छ झाली आणि लगेच दुसरा खड्डा आला : एसपी6 उंदराचं केआय-67 पण ओळखते. विभागणाऱ्या स्ट्रोमा पेशीही तपकिरी होतात आणि मोजणीत घुसतात. हिमॅटॉक्सिलीनच्या निळ्या रंगात उंदराच्या केंद्रकात गडद ठिपक्यांचे पुंजके दिसतात, माणसाच्या केंद्रकात तसे दिसत नाहीत. 40एक्सवर डोळा बसायला मला आठवडा लागला, तुम्हालाही लागेल.

बाकीची कारणं आहेतच. फक्त लाल पेशी तपकिरी असतील तर त्यांचीच पेरॉक्सिडेज क्रिया (डॅबला रंग आणणारी); उपाय, 3 टक्के पेरॉक्साइड दहा मिनिटं. यकृत-मूत्रपिंडात दाणेदार रंग आला तर ऊतीतलंच बायोटिन; बायोटिन न वापरणारं पॉलिमर किट घ्या, प्रश्न मिटला. सेक्शनची फक्त कड रंगली तर ती वाळली. नाशिकच्या मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत हे हमखास होतं. स्लाइड ओल्या ठेवायच्या चेंबरमधला टिश्यू पेपर ओला आहे ना, हे झाकण लावण्याआधी बोटाने दाबून बघा. मामा अजून बघतात.