आरक्षणावर बोलताना माणूस तुटू नये, यासाठी या चुका टाळा

मी एका कनिष्ठ महाविद्यालयात पंचवीस वर्षे शिकवले. प्रवेशयाद्या लागण्याच्या दिवसांत आमच्या शिक्षक-कक्षातले वातावरण जरा जड होत असे, कारण याद्यांमध्ये विद्यार्थ्यांप्रमाणेच आमची स्वतःची मुलेही असत. त्यातली एक दुपार मला अजून टोचते. एका सहकाऱ्यांच्या मुलीला हव्या त्या अभियांत्रिकी महाविद्यालयात प्रवेश मिळाला होता आणि ते पेढ्यांचा पुडा घेऊन टेबलाटेबलाशी जात होते. पेढा उचलता उचलता मी विचारले, "कॅटेगरीतून का?" ते क्षणभर थांबले, "ओपनमधून, सर" एवढेच म्हणाले आणि पुढच्या टेबलाकडे वळले. त्यानंतर दोन वर्षे आमचे बोलणे वेळापत्रक आणि पेपर-तपासणी यांपलीकडे गेले नाही.

माझ्या मनात काही वाईट नव्हते, असे मी बरेच दिवस स्वतःला समजावत होतो. पण मी त्या मुलीचे गुण विचारले नाहीत, शाखा विचारली नाही. मला सर्वांत आधी सुचला तो तिचा रकाना. जातीवर आणि आरक्षणावर बोलताना आपले कुठे चुकते याचा विचार मी तेव्हापासून करत आलो आहे. हा लेख कोणाचे मत बदलावे म्हणून लिहिलेला नाही. मत कायम ठेवूनही नाते कायम ठेवता येते असा माझा अनुभव आहे, आणि आज महाराष्ट्रात गावोगावी मराठा-ओबीसी वादाने शेजारीपाजारी एकमेकांच्या लग्नकार्याला जाताना बिचकतात, तेव्हा त्याची गरज मला फार तीव्रतेने वाटते.

आडनावावरून मत गृहीत धरणे

आपल्याकडे नवा माणूस भेटला की "आडनाव काय म्हणालात?" आणि तेवढ्याने उलगडा झाला नाही तर "मूळ गाव कोणते? पाहुणे कुठले?" असे प्रश्न आपसूक येतात. विचारणाऱ्याला ती केवळ ओळख वाटते. मात्र ज्याने आयुष्यभर या प्रश्नानंतर समोरच्याचा चेहरा बदललेला पाहिला आहे, त्याच्या कानाला ती चौकशी लागते. त्याहून घातक वाक्य म्हणजे "तुमच्या लोकांना काय वाटते?" हे वाक्य उच्चारले की समोरचा माणूस एकटा राहत नाही, त्याला लाखो लोकांच्या वतीने उत्तर द्यावे लागते आणि साहजिकच तो बचावाच्या पवित्र्यात जातो. मराठा समाजातले सगळेच आरक्षण मागत नाहीत, बौद्ध समाजात अनुसूचित जातींच्या उपवर्गीकरणाबद्दल, म्हणजे त्यांचे आरक्षण पोटगटांत वाटण्याबद्दल, एकमत नाही, आणि खुल्या प्रवर्गातही आरक्षणाचे ठाम समर्थक आहेत. म्हणून "तुम्हाला स्वतःला काय वाटते?" एवढेच विचारावे आणि उत्तर त्या एका माणसाचेच मानावे.

शब्दांबद्दल फार लिहायला नको, कारण कोणते शब्द लागतात हे प्रत्येकाला ठाऊक असते. "सरकारचे जावई", "कोट्यातला", "साडेतीन टक्केवाले" हे शब्द एकदा तोंडातून गेले की नंतर कितीही योग्य मुद्दा मांडला तरी तो ऐकला जात नाही. ते आपल्या घरात, आपल्याच माणसांत बोलले जातात म्हणून निरुपद्रवी ठरत नाहीत. ते ऐकणारी मुले दुसऱ्या दिवशी शाळेत जातात.

समोरचा कोणत्या प्रश्नावर बोलतो आहे, हे न ओळखणे

सर्वांत मोठी आणि सर्वांत कमी लक्षात येणारी चूक हीच आहे, असे माझे मत आहे. आरक्षणावर भांडणारी दोन माणसे बहुधा एकाच प्रश्नावर भांडत नसतात. एक पोटाबद्दल बोलत असतो आणि दुसरा मानाबद्दल.

मराठवाड्यातल्या तीन एकर कोरडवाहू शेती असलेल्या घरातला मुलगा जेव्हा म्हणतो, "आम्हाला काय मिळाले?", तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर वाटण्या होत होत तुकडा झालेली जमीन, सोयाबीनचा पडलेला भाव, लग्न न ठरणारा भाऊ आणि पोलीस भरतीत दोन गुणांनी हुकलेली जागा असते. गावाचा पाटील कोण होता आणि आमदार कोणत्या जातीचे होतात, हे त्याला सांगून उपयोग नसतो, कारण त्या आमदारकीतले त्याच्या घरी काही आलेले नसते. उलट शहरात तिसरी पिढी शिकलेले, चांगल्या पगाराचे बौद्ध कुटुंब जेव्हा आरक्षणाची बाजू घेते, तेव्हा ते पोटाबद्दल बोलत नसते. आडनाव कळल्यावर भाड्याचे घर "आत्ताच दुसऱ्यांना दिले" असे सांगितले गेलेले असते, मुलाच्या पहिल्या क्रमांकावरही कोणीतरी "कॅटेगरी" शोधलेली असते. त्यांना "तुम्ही तर आता सधन आहात" हे उत्तर दिले की ते उत्तर त्यांच्या प्रश्नाला लागूच होत नाही. ओबीसींमधल्या छोट्या बलुतेदार जातींचे तिसरेच असते. ताटात आधीच कमी आहे आणि त्यात मोठे पाहुणे जेवायला बसणार, ही त्यांची भीती असते, आणि तिला "तुम्ही गरिबांच्या विरोधात आहात" असे म्हणणे अन्यायाचे आहे.

म्हणून आपला मुद्दा मांडण्याआधी समोरच्याचे म्हणणे आपल्या शब्दांत त्याला परत सांगावे: "म्हणजे तुमचे म्हणणे असे आहे की शेती बुडाली आणि नोकरीची वाटही बंद झाली, बरोबर?" तो "हो, अगदी हेच" म्हणेपर्यंत उत्तर देऊ नये. हे वाचायला सोपे वाटते, पण मला ते जमायला काही वर्षे लागली. अनेकदा तो "नाही, तसे नाही" म्हणतो आणि खरी गोष्ट तेव्हा पहिल्यांदा बाहेर येते.

ऐकीव माहितीवर वाद घालणे

आरक्षणाबद्दलची बरीच भांडणे चुकीच्या माहितीवर होतात, आणि ही चूक दुरुस्त करायला सर्वांत सोपी आहे. "बाबासाहेबांनी आरक्षण दहाच वर्षांसाठी दिले होते" हे वाक्य जवळजवळ प्रत्येक चर्चेत येते. राज्यघटनेच्या 334व्या कलमातली दहा वर्षांची मुदत लोकसभा आणि विधानसभांमधल्या राखीव जागांपुरती होती. संसदेने ती वेळोवेळी वाढवली असून सध्या ती 2030 पर्यंत आहे. शिक्षण आणि नोकऱ्यांतल्या आरक्षणाचा आधार 15व्या आणि 16व्या कलमांत आहे आणि तिथे अशी मुदत नाही. आरक्षण किती काळ असावे याबद्दल कोणाचे काहीही मत असू शकते, पण ते मत या वाक्यावर उभे करता येत नाही.

"आर्थिक निकषावर द्या, सगळे प्रश्न मिटतील" असे म्हणणाऱ्यांपैकी अनेकांना 2019 साली 103व्या घटनादुरुस्तीने आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांसाठी दहा टक्के आरक्षण आले आहे, ते 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने वैध ठरवले आहे, आणि अनुसूचित जाती, जमाती व ओबीसी यांमधल्या गरिबांना त्याचा लाभ घेता येत नाही, हे माहीत नसते. दुसऱ्या बाजूला, ओबीसींना उन्नत गटाची (क्रीमी लेयरची) अट आहे, म्हणजे त्यांच्यातल्या सधन कुटुंबांना लाभ मिळत नाही, आणि तिची उत्पन्नमर्यादा 2017 पासून वर्षाला आठ लाख रुपये आहे, हे न सांगता "सगळे श्रीमंतच घेतात" असेही बोलले जाते. राज्यात अनुसूचित जातींना 13 टक्के, जमातींना 7, विमुक्त व भटक्या जमातींना मिळून 11, विशेष मागास प्रवर्गाला 2 आणि ओबीसींना 19 टक्के ही मांडणी ज्यांना ठाऊक आहे, त्यांना कुणबी नोंदींचा, म्हणजे जुन्या दप्तरात कुणबी अशी नोंद सापडलेल्या मराठ्यांना ओबीसी मानण्याचा, वाद इतका तापतो का, हे लगेच कळते: भांडण त्या 19 टक्क्यांच्या ताटाबद्दल आहे. मराठवाडा सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात असल्यामुळे तिथल्या जुन्या नोंदी हैदराबादच्या दप्तरात राहिल्या, आणि म्हणून कुणबी दाखल्यांबाबतच्या सप्टेंबर 2025 च्या शासन निर्णयात हैदराबाद गॅझेट या निजामकाळातल्या सरकारी दस्तऐवजाचे नाव आले. हा इतिहास माहीत असला की मागणी करणारा लबाड आणि विरोध करणारा द्वेष्टा, असे वाटणे बरेच कमी होते.

माझ्या पेढ्याच्या प्रसंगातही अज्ञान होतेच. खुल्या जागा कोणत्याही जातीसाठी राखून ठेवलेल्या नसतात. तिथे गुणवत्तेवर कोणीही येऊ शकतो. राखीव प्रवर्गातला विद्यार्थी खुल्या यादीत बसला तर त्याने "आमची जागा घेतली" असे म्हणणाऱ्याने खुला या शब्दाचा अर्थच बदललेला असतो.

एक गोष्ट मी नेहमी सांगतो, कारण तिने चर्चेचा सूर बदललेला मी पाहिला आहे. शाहू महाराजांनी 26 जुलै 1902 रोजी कोल्हापूर संस्थानात नोकऱ्यांतल्या रिकाम्या होणाऱ्या निम्म्या जागा मागासवर्गीयांसाठी राखून ठेवल्या, तेव्हा ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेले वर्ग वगळून बाकी सर्वांना त्यांनी मागासवर्गीय मानले होते. म्हणजे आज एकमेकांसमोर उभे असलेले मराठा, माळी, धनगर आणि महार त्या हुकमात एकाच ओळीत होते. यावरून आज काय करावे हे ठरत नाही, परंतु "तुम्ही" आणि "आम्ही" यांची सीमा कायमची नाही एवढे दिसते.

माहिती देण्याची वेळ मात्र सांभाळावी लागते. माणूस आपल्या मुलाच्या हुकलेल्या प्रवेशाबद्दल बोलत असताना कलमांचे क्रमांक सांगणे क्रूरपणाचे आहे. त्याचे बोलून होऊ द्यावे. कलमे दुसऱ्या दिवशीही तीच असतात.

जखमांचा जमाखर्च मांडणे

"खैरलांजीच्या वेळी कुठे होतात?" आणि "कोपर्डीच्या वेळी कुठे होतात?" हे दोन प्रश्न मी कितीतरी वेळा एकमेकांवर फेकलेले ऐकले आहेत. 2006 मध्ये खैरलांजीत एका दलित कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली; 2016 मध्ये कोपर्डीत एका मराठा कुटुंबातल्या शाळकरी मुलीवर अत्याचार करून तिला मारण्यात आले. या दोन्ही घटनांवर ज्याचे मन खरोखर कळवळते, तो एकीचा उपयोग दुसरीला गप्प करण्यासाठी करत नाही. कोणी एका घटनेबद्दल बोलत असेल तर त्याच घटनेबद्दल बोलावे. दुसरी आठवली तरी ती त्या बैठकीत काढू नये. वेगळ्या वेळी, वेगळ्या वाक्यात, तिचे स्वतंत्र दुःख म्हणून बोलावे. असा प्रश्न आपल्यावर फेकला गेला, तर "तेव्हा मी बोललो नाही, बोलायला हवे होते" हे उत्तर खरे असेल तर ते देण्यात कमीपणा नाही. माझ्या बाबतीत ते खरे होते आणि ते म्हटल्यावर वाद तिथेच थांबला.

"आम्ही जात मानत नाही" म्हणून विषय बंद करणे

ही चूक सुशिक्षित, सभ्य घरांत सर्वांत जास्त होते, आणि ती सौजन्यासारखी दिसते म्हणून तिच्याबद्दल मला स्पष्ट लिहावेसे वाटते. कोणी आपला अनुभव सांगायला लागला की "अहो, आता कोण जात बघते?" असे म्हणून आपण विषय हलका करतो. आपल्याला जात जाणवत नाही, याचे कारण ती आपल्याला आडवी आलेली नाही, एवढेच असू शकते. त्याच घरात मुलीचे स्थळ पाहताना पत्रिकेआधी पोटजात पाहिली जात असेल, तर ते वाक्य समोरच्याला खोटे वाटणार. आदराने बोलणे म्हणजे अवघड विषय टाळणे, असा समज मी सोडून दिला आहे. गप्प बसून राखलेली शांतता बहुधा एकाच बाजूच्या सोयीची असते.

मात्र याचा अर्थ समोरच्याने आपल्याला शिकवलेच पाहिजे असाही नाही. ज्याने अपमान सोसला आहे, त्याला तो दर वेळी आपल्या ज्ञानासाठी उलगडून सांगण्याची सक्ती नसते. "आज नको" असे तो म्हणाला तर विषय तिथेच सोडावा.

बोलणे बिघडल्यावर घाई करणे, किंवा काहीच न करणे

आवाज चढला, तिसरा माणूस मध्ये पडला किंवा कोणी मोबाइल काढून पुरावा दाखवू लागला, की ती चर्चा संपली असे समजावे. कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर तर ती सुरूच करू नये. तिथे पंचवीस नातेवाइकांसमोर माघार घेणे कोणालाच जमत नाही. फोन करावा, आणि शक्य असेल तर घरी जावे.

माफी मागताना "तुम्हाला वाईट वाटले असेल तर" हे शब्द वगळावेत, कारण त्यांत चूक ऐकणाऱ्याच्या वाटण्यावर ढकललेली असते. काय बोललो ते नेमके उच्चारावे आणि ते चूक होते एवढेच म्हणावे. मला हे कळायला दोन वर्षे लागली. वार्षिक परीक्षेच्या पर्यवेक्षणात आम्ही दोघे एकाच दालनाबाहेर उभे होतो, तेव्हा मी त्यांना म्हणालो, "तुमच्या मुलीचा पेढा हातात घेऊन मी तिची कॅटेगरी विचारली होती. ते चुकले माझे." त्यांनी लगेच काही उत्तर दिले नाही. उत्तरपत्रिका मोजून, गठ्ठा बांधून झाल्यावर त्यांनी विचारले, "पण सर, तुम्हाला तसे विचारावेसे का वाटले?" त्या प्रश्नावर आम्ही सुटीनंतर तासभर बोललो. उन्नत गटाची अट अनुसूचित जातींनाही असावी, हे माझे मत मी त्यांच्यापासून लपवले नाही. त्यांनी ते मुळीच मान्य केले नाही, आणि शेवटी त्यांच्या पहिल्या नोकरीच्या मुलाखतीत काय घडले होते ते सांगितले. तो विषय आमच्यात आजही सुटलेला नाही. गेल्या महिन्यात त्यांचा फोन आला तेव्हाही सुरुवात त्यानेच झाली.